न वाजवलेला चुडा

“हात सैल सोड, बाळ. हां, असा. अगदी माझ्या लेकीसारखा हात आहे बघ तुझा,” बाबाजान म्हणाले, आणि मागच्या टेबलावर नाझनीनच्या हातातली हीट गन फिरता फिरता जागीच थांबली. ती थांबवून चालत नाही. गरम हवेचा झोत बांगड्यांच्या पाकिटावरून सारखा फिरता ठेवावा लागतो, तरच वरची फिल्म चारी बाजूंनी सारखी आवळते. एका जागी रेंगाळला की संपलंच. फिल्मला भोक पडलं, त्याच्या कडा पिवळ्या होऊन गोळा झाल्या आणि दुकानभर उग्र वास सुटला. गल्ल्यावरून तिचा धाकटा भाऊ फराज वळून म्हणाला, “आपा, जळलं की.” “डोळे आहेत मला,” ती म्हणाली. पण तिचे डोळे पाकिटावर नव्हतेच. नगरच्या कापडबाजारामागच्या बोळात ज्याच्या नावावर हे बांगड्यांचं दुकान आजवर चाललं तो तिचा बाप, बाबाजान मणियार, गादीवर मांडी घालून बसला होता, एका परक्या पोरीचा तळवा दाबून तिच्या बांगडीचं माप बघत होता आणि म्हणत होता, माझ्या लेकीसारखा. आणि लेक इथे, मागच्या टेबलापाशी, जळक्या वासात उभी. हिचा हात कसा आहे हे या माणसाला ठाऊक तरी आहे का? त्यानं तो कधी धरलाय? वा रे वा, अब्बा!

“दोन-चार,” बाबाजाननी माप सांगितलं. पोरीनं हसून आजीकडे बघितलं. आजी म्हणजे राहुरीकडच्या, मुळेच्या कालव्याकाठच्या रतनबाई. त्या घराशी मणियारांचा पिढीजात संबंध. लग्न निघालं की हळदीच्या दिवशी बाबाजान पेटी घेऊन जायचे, पाटावर बसायचे, आधी नवरीला हिरवा चुडा भरायचे, मग घरातल्या, मग भावकीतल्या बायकांना, आणि संध्याकाळी नारळ, तांदूळ, टॉवेल-टोपी घेऊन परत. या रतनबाईंच्या हातात त्यांनीच चुडा भरला होता, त्यांच्या लेकींच्याही. आता नात ज्ञानेश्वरी हिची पाळी. पण रतनबाई आज निराळंच बोलत होत्या. “आवं बाबाजान, औंदा तुमी कशाला तरास घेता? माझा पोरगा म्हनतो, आलेल्या समद्या बायांला पाकिटंच देऊ. मंडपाच्या दारात एकेकीच्या हातात ठेवायचं, झालं. नवरीचा चुडा बी त्यातच पाठवा, येगळा बांधून. ती घेईल की साबन लावून भरून. तुमचं बी आता वय झालं.” बाबाजान हसले. नाझनीनला ते हसू ओळखीचं होतं. दात दुखत असला की ते असंच हसायचे. “जशी तुमची मर्जी, वहिनी,” ते म्हणाले. “पाकिटं तर पाकिटं.” आणि तरीही त्या पोरीचा हात त्यांनी सोडला नव्हता. माप कळून गेलं होतं, तरी सोडला नव्हता.

त्यांची एकच बढाई होती, आणि ती ऐकून ऐकून घरादाराचे कान किटले होते. नवरीची बांगडी त्यांच्या हातून कधी वाढली नाही. वाढली म्हणजे फुटली. पण चुड्याच्या बाबतीत तो शब्द कुणी तोंडातून काढत नाही. इतर बायकांच्या हातात कधीमधी एखादी जायचीच, काच ती काच. पण नवरीच्या हातात, हळद लागलेल्या हातात, कधीच नाही. त्याचं कारणही ते सांगायचे. भरण्याआधी चुडा वाजवून बघायचा. सगळं जुडगं अंगठ्यात अडकवून कानाशी धरायचं आणि हलकेच झुलवायचं. चांगली काच किणकिणते. एका जरी बांगडीला केसाएवढा तडा असला, डोळ्यांना न दिसणारा, तरी जुडगं बद्द वाजतं. “डोळे फसतात, कान फसत नाहीत,” असं म्हणून ते डोळे मिटून चुडा वाजवायचे, आणि सगळा मंडप तेवढ्यापुरता गप्प व्हायचा. लहानपणी नाझनीनला तो क्षण फार आवडायचा. आता दुकानात कुणी चुडा वाजवला की तिच्या दाढा आंबायच्या.

फिल्मचं सगळं तिच्याकडे होतं. फराजनं पाकिटांचा धंदा काढला तेव्हा एमआयडीसीतला फिल्मवाला अमृत दोन रोल घेऊन आला होता आणि फराजनं आपलं बोट मागच्या टेबलाकडे दाखवलं होतं, आपाला विचार. अमृतनं दोन्ही फिल्मांचे तुकडे टेबलावर पसरले. “ताई, ही पीव्हीसी. चकाकी बघा, आरशासारखी. कमी गरमीत बसते. पण हिचा स्वभाव ओढायचा. गार झाली तरी ओढत राहते, उन्हात ठेवली तर अजून. साबणाच्या खोक्याला, डब्याला फर्स्ट क्लास. ही दुसरी पीओएफ. हिला गरमी जास्त लागते, चकाकी जरा कमी, पण मऊ आहे. माल आहे तसा धरते, दाबत नाही. काचेला म्हणाल तर हीच.” नाझनीननं त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता. तिनं दोन्ही वापरून बघितल्या. बांगड्यांच्या जुडग्यात पुठ्ठ्याची नळी घालून, न घालता, फिल्मला टाचणीनं हवेसाठी भोक पाडून, न पाडता, गन लांबून, जवळून. पीव्हीसीची पाकिटं देखणी झाली. दुपारी ती दुकानाच्या पायरीवर उन्हात ठेवली, मग फोडली आणि एकेक बांगडी अंगठ्यावर वाजवली. किण, किण, किण, बद्द. नळी नसलेल्या जुडग्यात तर पोटाकडून आवळून आवळून कित्येक बांगड्या गेलेल्या, आणि एकीचाही तडा डोळ्यांना दिसत नव्हता. फराजचा जीव मात्र चकाकीवर. “आपा, दुकानात टांगलं की हेच उचलतील लोक.” “उचलतील आणि घरी जाऊन शिव्या देतील,” ती म्हणाली होती. पीओएफ ठरली. पीव्हीसीचा नमुन्याचा रोल टेबलाखाली पायापाशी पडून राहिला, आणि जाता-येता तिच्या अंगठ्याला लागायचा.

रतनबाई आणि ज्ञानेश्वरी उठल्या तेव्हा पोरगी मागे टेबलाशी आली. गोरी नाही, सावळीच, पण नाकीडोळी नीटस, हातात मोबाईल. “ताई, हे तुम्हीच करता? किती भारी दिसतं! फोटो काढू?” नाझनीननं मान हलवली. पोरीनं फोटो काढला आणि मग स्वतःचा हात पुढे करून म्हणाली, “बाबाजान म्हणाले, तुमचा नि माझा हात सारखाच आहे म्हणून.” तिच्या बोलण्यात काडीचं कपट नव्हतं, आणि नाझनीनला नेमकी त्याचीच चीड आली. तिचं माप दोन-सहा. या पोरीचं दोन-चार. सारखा म्हणे! साधं मापसुद्धा माहीत नाही. ती ओढणीत हात पुसत म्हणाली, “हो का?” आणि गन पुन्हा चालू केली.

हात. एकदाच धरला होता त्यांनी तो. श्रीगोंद्याकडच्या कुठल्याशा गावात, पारावर, उन्हाळ्यात. ती अब्बांबरोबर हट्टानं गेली होती. शाळेला सुट्टी होती. बायकांची ही रांग लागलेली, अब्बा मान खाली घालून एकेकीचा हात घ्यायचे, तळवा दाबायचे, अंगठ्याखालचं हाड आत वळवायचे आणि बांगडी अशी सरकवायचे की बाईला कळायचंसुद्धा नाही. आणि बोलणं! घरात ज्या माणसाच्या तोंडून जेवण, पाणी, दिवा याखेरीज शब्द निघत नसे तो तिथे मधासारखा बोलायचा. हात सैल सोड, माय. घाबरू नको, ताई. तुझा हात म्हणजे लोणी. नाझनीन रांगेत जाऊन उभी राहिली. पुढची बाई उठली तशी ती बसली आणि तिनं हात पुढे केला. अब्बांनी वर न बघता तो घेतला. त्यांचे अंगठे तिच्या तळव्यावर आले, कोरडे, ऊबदार, आणि तिचं सगळं अंग त्या एका हातात जमा झालं. हात आपोआप सैल सुटला. “वा,” अब्बा म्हणाले, “काय हात आहे.” मग त्यांनी वर पाहिलं. ओळखलं. आणि हात झटकला, पाल पडल्यासारखा. “चल हट! धंद्याच्या वेळी थट्टा?” बायका हसल्या. तीही हसली, दुसरं काय करणार? तिचा हात त्यांना आवडला होता, तो तिचा आहे हे कळेपर्यंत. एवढी साधी गोष्ट. पण ती तिच्या पोटात जी बसली ती बसलीच, गिळलेल्या बोराच्या आठळीसारखी.

पुढे तिचं लग्न ठरलं, कर्जतला. ऐन लग्नसराईत, मुलाकडच्यांना तीच तारीख हवी होती. निकाहाच्या आदल्या दिवशी अब्बा कुठल्या तरी मंडपात दुसऱ्याच्या नवरीला चुडा भरत होते. तिच्या हातात फुफीनं, अब्बांच्या बहिणीनं, बांगड्या भरल्या, आणि त्याही दुकानात उरलेल्या. फुटून जोड मोडलेल्या, एक गडद हिरवी, एक पोपटी, एकीवर टिकल्या तर दुसरीवर नाहीत. मणियाराची पोरगी आणि हातात बेजोड बांगड्या! सासरी पहिल्याच दिवशी नणदेनं तो हात उचलून सगळ्यांना दाखवला. अम्मा, सरवरी तिचं नाव, एवढंच म्हणाली होती, “सीझनमध्ये चांगला माल घरात कोण वापरतं, बेटा?” काही वर्षांनी नवऱ्यानं दुसरी आणली आणि हिला एक बॅग देऊन एसटीत बसवलं. ती नगरच्या स्टँडवर उतरली, चालत घरी आली, तर घरी अम्मा एकटी. अब्बा राहुरीला. रतनबाईंच्या धाकट्या लेकीचं लग्न, चुडा भरायला. संध्याकाळी आले, खांद्यावर नवा टॉवेल, पिशवीत नारळ. तिला बघितलं, बॅग बघितली, सगळं समजले. “जेवलीस का?” म्हणाले. ती “हो” म्हणाली. ते हातपाय धुवायला गेले. त्या दिवसापासून तिनं बांगडी घातली नाही, आणि बांगड्यांच्या दुकानात बसणाऱ्या तिच्या मोकळ्या हातांबद्दल त्या घरात कुणी कधी चकार शब्द काढला नाही. अम्मा गेली तेव्हाही नाही. तिनं मनात कितीदा तरी घोकलं होतं, मी काही कुणाचं वाईट चिंतत नाही. ते खोटं होतं. ती चिंतायची, रोज चिंतायची, पण आळसात. हात-पाय हलवून कधी काही केलं नव्हतं.

रतनबाईंची ऑर्डर पुरी झाली. सगळी पाकिटं पीओएफमध्ये, नळी घालून, टाचणीचं भोक पाडून, गन लांबून फिरवून; एकाही बांगडीला धक्का नाही. पाकिटांवर फराजनं नवीन छापलेलं लेबल, त्यावर अहिल्यानगर. अब्बा मात्र अजून नगरच म्हणायचे. नवरीचा चुडा शेवटी राहिला. अब्बांनी स्वतः निवडून दिला होता, केळीच्या कोवळ्या पानाचा रंग. फराज जेवायला गेला होता. नाझनीननं पायानं टेबलाखालचा रोल पुढे ओढला. पीव्हीसी. तिनं जुडग्यातली पुठ्ठ्याची नळी काढून बाजूला ठेवली. फिल्म दुहेरी घेतली. भोक पाडलं नाही. गन अगदी जवळ धरली, पण फिरती; या वेळी तिचा हात कुठेही थांबला नाही. फिल्म चुरचुरत आवळत गेली, मधे पोकळ असलेलं जुडगं आत आत दाबत गेली, आणि आतून एक अगदी बारीक आवाज आला, भातात खडा दाताखाली यावा तसा. बरं वाटलं तिला. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. तिनं पाकीट उजेडात धरून फिरवलं. काय ती चकाकी! मांडवात सगळ्यांच्या देखत ती पोरगी साबण लावून हात घालेल आणि कट्. बायका तोंडाला पदर लावतील. नवरीच्या हातात वाढली म्हणतील, कुजबुजतील, संसारभर ते तिला पुरेल. लेकीसारखा हात ना? घे मग लेकीचं नशीब. फराज परत आल्यावर पाकीट हातात घेऊन म्हणाला, “हे निराळं दिसतंय, आपा. झकास.” ती म्हणाली, “नवरीचं आहे. उठून दिसायला नको का?”

पाकिटं आदल्या दिवशी टेम्पोनं गेली, पण नवरीचं पाकीट फराज विसरला. ते गल्ल्यावरच राहिलं, काचेतून येणाऱ्या उन्हात. आणि हळदीच्या दिवशी सकाळीच अब्बांचा फोन वाजला. अब्बांना ऐकू कमी येतं, त्यामुळे पलीकडच्या रतनबाई सगळ्या दुकानाला ऐकू आल्या. “बाबाजान, आवं, माझ्या जिवाला चैन न्हाई. रातभर डोळा न्हाई. पोरगा काय बी म्हनू दे. माझ्या नातीला तुमच्या हातानंच चुडा भरायचा. बाकीच्यांचं पाकिटानं हुईल, पन तिचं न्हाई. तुमी या. लगीच निघा.” अब्बा फोन ठेवून उभे राहिले, आणि नाझनीननं बघितलं की म्हाताऱ्याचा चेहरा लहान पोरासारखा फुलून आला आहे. “फराज, टोपी कुठाय माझी? धुतलेली. नाझनीन, तू चल बरोबर. मला आता पेटी उचलवत नाही.” हे असं व्हायचं नव्हतं. अब्बा तिथे असायचेच नव्हते. ती पोरगी, तिचं तिचं नशीब, साबणाचे हात, एवढंच ठरलं होतं.

वेळ होता. भरपूर वेळ होता, हे तिला नंतर कधीही नाकारता आलं नाही. दोन-चारचा, त्याच रंगाचा चुडा मागच्या खणात पडला होता. गल्ल्यावरचं पाकीट उचलायचं, खणातलं ठेवायचं, ओढणी सावरायला लागतो तेवढा वेळ. ती खणापर्यंत गेलीसुद्धा. खण उघडला. तेवढ्यात अब्बा आतून स्वतःशीच गुणगुणत आले, टोपी नीट करत, आणि ती उभी होती तिच्याकडे न बघता, तिला ओलांडून, आरशाकडे गेले. तिनं खण बंद केला. पाकीट बदललं नाही; खणातून काढलेला दुसरा चुडा मात्र उगाच आपला पेटीत टाकून घेतला. अब्बांची सवयच ती, एक जोड जास्तीचा. मनाशी म्हणाली, ते वाजवून बघतीलच. बद्द वाजेल. त्यांना कळेल. मग वर बघतील, माझ्याकडे बघतील, आणि हे कुणी केलं तेही त्यांना कळेल. कळू दे. भर मंडपात कळू दे. मग पेटीतला दुसरा भरतील, पोरीचं काही बिघडणार नाही, आणि मला जे सांगायचं होतं ते सांगून झालेलं असेल. असं सगळं सोयीस्कर जुळल्यावर तिचा जीव जरा खाली बसला.

टेम्पोत ती अब्बा आणि ड्रायव्हरच्या मधे बसली, मांडीवर पाकीट. एप्रिलचं ऊन पुढच्या काचेतून थेट त्याच्यावर. दोन्ही बाजूंना ऊस, मग ओसाड, मग पुन्हा ऊस. फिल्म तापली होती; बोटांना तिचा ताण जाणवत होता, आणि नाझनीनला वाटत होतं की ती अजून ओढतेय, अजून, या क्षणीसुद्धा. ओढणी टाकून झाकावं एवढंही तिनं केलं नाही. अब्बा बोलत होते. ते कधी एवढं बोलत नसत. “रतनबाईला चुडा भरला तेव्हा माझे वालिद, तुझे आजोबा, होते बरोबर. ते म्हणाले, बघू, तू भर. माझे हात असे कापत होते!” त्यांनी हात पुढे धरून दाखवले. ते आता कापत नव्हते. म्हातारे, सुरकुतलेले, पण निवांत. “सगळं गेलं बघ माझं, डोळे, कान. हात तेवढे खुदानं ठेवले.” नाझनीन समोर रस्त्याकडे बघत म्हणाली, “कान पण आहेत की अब्बा. चुडा वाजवून बघता ना?” ते हसले. “बघतो की.”

मंडपात पाट मांडला होता, पाणी होतं, हळदीचा वास होता. ज्ञानेश्वरी पिवळ्या साडीत, सगळं अंग हळदीनं माखलेलं, आजीला बिलगून बसलेली. बाबाजान येताच बायकांनी जागा दिली. रतनबाईंनी पदर सावरला. “आलं गं माझं मणियार!” अब्बांनी हात धुतले, पुसले, मागे न बघता हात पुढे केला आणि नाझनीननं त्यात पाकीट ठेवलं. त्यांनी फिल्म नखानं फाडली. ती टर्रकन फाटली. जुडगं त्यांच्या अंगठ्यात आलं. मंडप गप्प झाला. तो क्षण आला, तिला लहानपणी आवडायचा तो. वाजवा, अब्बा. वाजवा आणि वर बघा. एखादी जुनी बाई म्हणालीसुद्धा, “वाजवा की बाबाजान, पोरींना ऐकू द्या.” अब्बांनी जुडगं कानाकडे नेलं, अर्ध्यावर थांबले, आणि मान वळवून नाझनीनकडे बघून हसले. दात दुखण्याचं नव्हे, साधं हसू. “काय वाजवायचं? माझ्या पोरीनं पॅक केलंय. तिच्या हातून आलेली काच मी वाजवून बघत नसतो.” आणि जुडगं खाली ठेवून त्यांनी नवरीचा हात घेतला. “हात सैल सोड, बाळ.”

बोलायचं होतं. जीभ टाळूला चिकटली म्हणावं तर तसंही नव्हतं. तोंडात शब्द तयार होता, थांबा, एवढाच. पण त्याच्याआधी दुसरंच काही आलं. बापानं भरल्या मंडपात तिचं नाव घेतलं होतं. माझ्या पोरीनं. सगळ्या बायका तिच्याकडे वळून बघत होत्या, कौतुकानं, आणि तिला ते एक पळभर आणखी हवं होतं. फक्त एक पळ. पहिली बांगडी हातात नीट गेली. दुसरी गेली. तिसऱ्या वेळी अब्बांनी अंगठ्याखालचं हाड आत वळवलं, बांगडी सरकवली आणि ती तुटली. काच खोलवर गेली. हळदीवर रक्त फार लाल दिसतं. “वाढली, वाढली,” कुणीतरी घाईनं म्हणालं, “काई न्हाई, वाढली.” अब्बांनी टोक काढलं, ओठ घट्ट मिटून पुढची घेतली, आणि तीही तशीच तुटली, त्यांच्या बोटांत. आता कुणी काही म्हणालं नाही. ज्ञानेश्वरी रडायला लागली. दुखलं म्हणून नव्हे, सगळ्या बायकांचे चेहरे बघून. तिच्या आईनं तिला ओढून उठवलं. “मी म्हनलंच हुतं, म्हाताऱ्या मानसाला बोलवू नका. हात थरथरत्यात त्यांचं.” रतनबाईंनी आपल्याच कपाळावर हात मारून घेतला. एका मामीनं मंडपाच्या दारातलं पाकीट फोडलं, साबण आणला, आणि त्यातल्या बांगड्या नवरीच्या हातात सुळकन गेल्या, एकही न वाढता. पेटीतला दुसरा जोड बाहेर काढायची वेळच आली नाही. अब्बा पाटावर बसून होते. त्यांनी विखुरलेली काच टिपून टिपून रुमालात घेतली, एकही तुकडा कुणाच्या पायाला लागू नये म्हणून, आणि ते तुकडे त्यांनी उजेडात धरून बघितले नाहीत. काचेवर त्यांना शंकाच नव्हती. नारळ देताना रतनबाईंनी त्यांच्याकडे बघितलं नाही.

परत येताना ऊन कलतं झालं होतं. टेम्पोवाल्यानं गाणी लावली होती. नाझनीननं बंद करायला सांगितली. अब्बांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते आणि ते त्यांच्याकडे बघत होते, कुणा दुसऱ्याचे असावेत तसे. एकदा म्हणाले, “कळलंच नाही गं. वाढणारी बांगडी आधी कळते, बोटांना. कळलंच नाही.” ती खरं बोलली असती तर चार शब्दांत सगळं संपलं असतं आणि त्यांचे हात त्यांना परत मिळाले असते. पण मग तिचं काय उरलं असतं? माझ्या पोरीनं पॅक केलंय, हे उरलं नसतं. नगर जवळ आलं, साखरेची पोती भरलेले ट्रक आडवे आले, टेम्पो थांबला. तेव्हा अब्बा एकदम वळले. “बघू तुझा हात.”

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. “कशाला?” “दे गं. बघू दे, काही कळतंय का अजून मला.” त्यांनी तिचा मोकळा उजवा हात उचलून घेतला, डोळे मिटले, आणि त्यांचे अंगठे तिच्या तळव्यावर आले, कोरडे, ऊबदार, पारावरच्या त्या दुपारसारखेच. ते दाबत गेले, करंगळीच्या बाजूनं, अंगठ्याखालचं हाड आत वळवून, हलके, जिथे जोर हवा तिथेच जोर. काहीसुद्धा बिघडलं नव्हतं त्या हातांचं. तिचा हात आपोआप सैल सुटला. तिला वाटलं, हे ट्रक असेच आडवे उभे राहू देत, आज, उद्या, कायमचे. “दोन-सहा,” अब्बा डोळे मिटूनच म्हणाले. आणि मग डोळे उघडून, भीत भीत, पोरानं मास्तरांकडे बघावं तसं तिच्याकडे बघत त्यांनी विचारलं, “बरोबर?”

नाझनीननं त्यांच्या अंगठ्यांकडे बघितलं. त्यांच्या नखाखाली अजून हळद होती, त्या पोरीची.

“नाही, अब्बा,” ती म्हणाली. “दोन-चार.”

त्यांनी मान हलवली. तिचा हात जपून तिच्या मांडीवर परत ठेवला, आणि आपले दोन्ही हात कुडत्याच्या खिशात घातले. ट्रक पुढे सरकले. ड्रायव्हरनं विचारलं, दुकानी सोडू की घरी, आणि अब्बा म्हणाले, “तिला विचारा.”